सिंगल बेल

आमचे हे, म्हंजे झरीचे बन्सीधर कंडक्टर, रिटायर झाले आन् माझ्या डोक्याला ताप झाला. एसटीत एक बेल दिली की अख्खी गाडी थांबायची, डबल दिली की निघायची. घरी ह्यांचं कोण ऐकतंय? शेळीबी ऐकंना. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. मला लय वाईट वाटायचं, पण तोंडातून भलतंच निघायचं, "उठा जरा, ओटा झिजला!"

एक दिवस म्हणाले, "परभणीला चाललो. पंच व्हायचंय."

"ह्या वयात इलेक्शन? आता घर विकता का?" मी भांडणच काढलं.

निघालं काय, तर पंच म्हंजे बास्केटबॉलचा. शाळेच्या पोरींच्या स्पर्धा होत्या, तिथंच नव्या पंचांचं शिबिर भरलं होतं. "अगं, एक शिट्टी मारली की धाच्या धा पोरी जागच्या जागी थांबत्यात!" कितीक दिवसांनी ह्यांचे डोळे चमकले. मग मी गुमान डबा बांधला.

शिकवणारे मुकुल सर पोरगेलेसे, पण लय कडक. बॉल धरून जास्तीची पावलं टाकली की त्याला 'ट्रॅव्हल' म्हणायचं आन् शिट्टी मारायची, असं त्यांनी सांगितलं. ह्यांचा आनंद पोटात मायेना. उभी हयात ट्रॅव्हल्सवाल्यांनी स्टँडच्या तोंडातून ह्यांचे पाशिंजर पळवले होते. "सरकारला जमलं न्हाई ते ह्या खेळानं केलं," घरी येऊन म्हणाले, "ट्रॅव्हल बंद!"

परीक्षेच्या दिवशी मीबी डबा घेऊन मैदानाच्या कडेला बसले. ह्यांनी पहिली शिट्टी मारली आन् समद्या पोरी थांबल्या. माझा ऊर भरून आला बघा. पण खेळ परत सुरू करायला ह्यांनी दोन शिट्ट्या मारल्या. शिट्टी वाजली म्हणून पोरी आणखीच थिजल्या. ह्यांनी परत दोन मारल्या.

"डबल दिली की! निघा!" हे ओरडायलेत आन् पोरी एकमेकींकडं बघायल्यात.

गंमत बघायला गर्दी मैदानाच्या रेषेवर आली. हे घाबरले आन् तोंडातून जुनाच आवाज निघाला, "चला, पुढं सरका! पुढं लय जागा हाय!"

सवय ती सवय. समदी सरकली, थेट मैदानात. भजेवाला सरकला, हार घातलेले पाहुणे सरकले, आन् देवाशपथ, मीबी डब्यासकट बास्केटखाली जाऊन उभी राह्यले. मुकुल सरांनी कपाळावर हात मारला आन् ह्यांना नापास केलं.

घरी आल्यावर ह्यांनी शिट्टी कोनाड्यात टाकली. "संपलं. आता माझ्या शिट्टीला कुणी थांबायचं न्हाई." जेवलेबी न्हाईत.

सकाळी गॅसवर दूध ठेवून मी अंगण झाडत होते. मागून शिट्टी वाजली. एकच, भीत भीत.

मी होते तशी थांबले. कंबर वाकलेली, झाडू हातात. मान तेवढी वळवली. हे दारात उभे, तोंडात शिट्टी, डोळ्यांत पाणी, आन् काय करावं ते सुचंना.

आत दूध फसफसायलं.

"आवो, रडता काय," मी म्हणाले, "डबल द्या की, दूध उतू जायलंय!"