कावीळ : नाही

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं की कावीळ कोणत्या उजेडात पाहावी. मी लगेच सांगितलं, दिवसाच्या. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती दिसत नाही. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या उत्तराचा मला बरेच दिवस आनंद होता, कारण परीक्षेत माझा आवाज सहसा निघत नसे.

आमच्या कॉलेजातल्या वॉर्डाच्या खिडक्या माणसाच्या दुप्पट उंच होत्या. उजेड हवा असं तिथं कुणाला सांगावं लागत नसे.

पास झाल्यावर मी सोलापुरात बायकांच्या एका दवाखान्यात हाऊस सर्जन म्हणून राहिले. तिथं एक मुख्य डॉक्टर होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मी धाकटी बाई. माझं शाळेपासूनचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. घरात मराठी बोलत असू, पण ती घरातल्या घरात पुरेल एवढीच. परक्या बायकांशी बोलताना मी वाक्य आधी मनात लावून घेत असे, आणि ते लागेपर्यंत त्या दुसरंच काही बोलू लागत.

एप्रिलच्या एका दुपारी, गिरणीचा भोंगा नुकताच झालेला असताना, एक पन्नाशीची बाई बोलावणं घेऊन आली. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई होटगीला रेल्वेत होता. बाळंतपण घरीच, सुखरूप झालं होतं, मुलगा होता. आठ दिवस झाले होते, पण मुलगी दोन दिवसांपासून खात नव्हती, ओकत होती आणि नुसती झोपून राहत होती. मोठ्या बाई ऑपरेशनला उभ्या राहणार होत्या. त्यांनी मला जायला सांगितलं. बरोबर आमच्या जुन्या नर्सबाई पेटी घेऊन आल्या.

बाळंतिणीची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची एक लहानशी जागा. एकच खिडकी, तिची फळी लावलेली आणि फटीत चिंध्या कोंबलेल्या. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओव्याचा धूर. भर दुपारी तिथं कंदील लावला होता. आम्ही आत गेलो तसं आईनं मागं दार ओढून घेतलं.

मुलगी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. अंगाला तेल-हळद लावलेली. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुन्हा मिटले. मला शिकवलं होतं तसं मी सगळं केलं. ताप नव्हता. पोट दाबून पाहिलं, गर्भाशय जागेवर येत होतं. अंगावरून जात होतं त्याला वास नव्हता. छातीत गाठ नव्हती. कॉलेजात आमच्या मनावर सगळ्यांत जास्त ठसवला होता तो बाळंतरोग, आणि तो इथं नव्हता. एकेक गोष्ट नाही म्हणत जाताना मला हलकं वाटत होतं.

मग मी तिची खालची पापणी ओढली आणि कंदील जवळ मागितला. डोळा पिवळसर दिसला. पण त्या उजेडात बाळाचं झबलं पिवळं होतं, भिंत पिवळी होती, माझा पांढरा कोटसुद्धा पिवळा होता. मी खिडकीकडे पाहिलं.

आईनं माझी नजर ओळखली असावी. ती म्हणाली, "वारा लागंल, बाई. ओली बाळंतीण हाय." आणि मग जरा हसून, काही वाईट न वाटू देता म्हणाली, "तुमी अजून बिनलग्नाच्या. तुमाला ह्यातलं काय ठावं असणार?"

नर्सबाईही हसल्या. मी पापणी सोडून दिली.

परत येताना टांग्यात नर्सबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "जीव गुदमरला आत. खिडकी उघडायला सांगायची की तुम्ही. डॉक्टरांचं ऐकतात लोक." त्या उकाड्याबद्दल बोलत होत्या.

बाहेर जाऊन पाहिलेल्या प्रत्येक रोग्याचा केसपेपर लिहायचा अशी मोठ्या बाईंची शिस्त होती. कॉलेजातही तीच सवय होती. तिथं रकाना रिकामा ठेवला की गुण कापत, म्हणून आम्ही एकही रिकामा ठेवत नसू. फिकेपणा, सूज, कावीळ. मी ओळीनं भरत गेले. कावीळ या शब्दापुढे मी 'नाही' लिहिलं. लिहिताना हात थांबला होता का, हे मला आता आठवत नाही. थांबला असावा असं मला वाटावंसं वाटतं. संध्याकाळी मोठ्या बाईंना मी अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं आणि टॉनिक पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीला टांग्यात घालून आणलं. ती कुणाला ओळखत नव्हती. दोघांनी उचलून तिला व्हरांड्यात ठेवलं, तिथं ऊन येत होतं. तिचा चेहरा पाहून नर्सबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आईनंही अकरा दिवसांत लेकीला उजेडात पाहिलं नव्हतं. ती खाली बसली आणि पदराच्या टोकानं मुलीचा गाल पुसू लागली. हळद आहे असं तिला वाटलं. ती पुसत राहिली, पदर पाहत राहिली, पुन्हा पुसत राहिली. मग थांबली.

मोठ्या बाईंनी ग्लुकोज दिलं, आणखी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. दुपारी त्यांनी माझा केसपेपर मागवून वाचला.

"कशात पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"कंदिलाच्या उजेडात."

त्यांनी कागद घडी न करता परत दिला. मी विचारलं, तो शब्द खोडू का. त्या नको म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या की यकृत इतकं बिघडल्यावर फार काही हातात नसतं, तीन दिवस आधी कळलं असतं तरी कदाचित एवढंच झालं असतं. 'कदाचित' हा शब्द त्यांनी हळू उच्चारला. घरच्यांशी मी बोलते, असंही म्हणाल्या.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. जावई होटगीहून आला होता, तो पुढची तयारी करायला गेला. आई बाळाला घेऊन व्हरांड्याच्या भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोरून जाणार होते. दुसरीकडून वाट नव्हती.

ती रडत नव्हती. मला पाहून म्हणाली, "तुमी आलात तवा दार उघडलं मी. तेवढ्यातच वारा लागला असंल. माझंच चुकलं."

माझ्या मनात वाक्य लागेना. मग मी तसंच, न लावता बोलले. "नाही मावशी. वारा नाही. कावीळ होती तिला. मी आले त्या दिवशीही असणार."

"त्या दिशी?" तिनं वर पाहिलं. "मग तुमाला दिसली न्हाय?"

"नाही. मला उजेड मागायला हवा होता. मी मागितला नाही."

मला वाटलं ती काहीतरी कठोर बोलेल, आणि ते ऐकायची माझी तयारी होती.

"मागायचा की, बाई," ती म्हणाली. "म्या काय न्हाय म्हणले असते?"

मग ती उठली. बाळाला घेऊन व्हरांड्याच्या कडेला गेली, जिथं ऊन होतं तिथं, आणि त्याच्या तोंडावरचं फडकं तिनं बाजूला केलं.

"ह्येला बघा," ती म्हणाली. "हितं बघा. नीट."

मी वाकून त्याची पापणी खाली ओढली. तो उन्हानं कळवळून रडू लागला. मी दुसराही डोळा पाहिला, तळवे पाहिले, पोट पाहिलं. ती बाळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी पुन्हा एकदा पहिला डोळा पाहिला आणि मग तिला सांगितलं, नाही.