सुकाणूवरचा शर्ट

मंगळवार, १४ नोव्हेंबर. सकाळपासून ढगाळ, वारा खाडीकडून. दुधाची पिशवी फुटकी निघाली, बदलून आणली. जेवणाच्या आधी वन्संकडे गेले. दुपारी गोदीत भयंकर प्रसंग.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. त्यांचे मिस्टर, माझे भाऊजी, लाकडी बोटी दुरुस्त करणारे मिस्त्री. घर गोदीला इतकं लागून, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात लांबवला तर बोटीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, लागेल असं वाटतं. लग्न होऊन आल्या तेव्हा वन्संना बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या सासऱ्यांनी एकेक नाव शिकवलं. तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं ते जाड लाकूड म्हणजे पठाण, अख्खी बोट त्याच्यावर उभी. त्यातून फासळ्यांसारखे वर जातात ते वांक, आणि वांकांवर ठोकलेल्या फळ्या. नावांच्या पाठोपाठ भीती आली. सासऱ्यांचा सख्खा भाऊ बोटीखालीच गेला होता.

तेव्हापासून वन्सं कानाने संसार करतात. भाजी चिरताना, नातवाला भरवताना एक कान खिडकीत. हातोडी फळीवर पडली की आवाज पोकळ, वांकावर पडली की भरीव. ठोकणं थांबलं की यांचं बोलणंही थांबतं. "माझ्या वाट्याला तुमचा अर्धाच कान," असं मी चिडवते. "वहिनी, दुसरा अख्खा तुमचाच आहे. बोला तुम्ही."

गोदीत एक रीत आहे. बोट पठाणावर उभी करून दोन्ही बाजूंनी लाकडी टेकूंवर तोलतात. जो खाली शिरेल त्याने आपला शर्ट मागच्या सुकाणूवर अडकवायचा. शर्ट दिसला की टेकूला कोणी हात लावायचा नाही.

आज आम्ही दोघी डबा घेऊन गेलो. शेडमध्ये शिरताच वन्सं थबकल्या. भाऊजींचा निळा शर्ट सुकाणूवर होता, पण सुकाणू बोटीवर नव्हतं. बिजागऱ्या बदलायला कालच काढून भिंतीला टेकवलेलं होतं. सवयीने भाऊजींचा हात सुकाणूकडे गेला होता. ते कुठे उभं आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यात पलीकडून ठक, ठक.

"हा टेकूचा आवाज आहे," वन्सं म्हणाल्या. चेहरा पांढराफटक.

बोटीखाली कोणी नाही असं समजून मुकादमाची माणसं खाडीकडच्या टेकूंच्या पाचरी काढत होती. बोट वाळूच्या पोत्यांवर कलती करायची होती. डबा टाकून वन्सं बोटीला वळसा घालून खाडीच्या बाजूला धावल्या, मागोमाग मी.

"थांबा! मिस्त्री खाली आहेत!"

"काहीतरीच काय काकू?" मुकादम म्हणाला. "शर्ट कुठाय?"

तोवर शेवटची पाचर सुटली होती. बोट करकरली आणि हळूहळू आमच्याकडे झुकू लागली. खालून भाऊजींचं डोकं दिसलं. ते नेमके कलत्या बाजूनेच बाहेर यायला बघत होते. 'पळा' हाच शब्द माझ्या ओठांवर होता. वन्सं धपकन गुडघ्यांवर बसल्या.

"अहो, बाहेर येऊ नका! मागे व्हा! पठाणाला चिकटा, पठाणाला!"

डोकं आत गेलं. पोती दबली, धूळ उडाली आणि सगळं शांत झालं.

"मिस्त्री!" मुकादमाने हाक मारली. पुन्हा हाक मारली. वन्संनी फळीला कान लावला. त्यांची बोटं फळीवर नुसती फिरत होती, आंधळ्या माणसाची फिरावीत तशी.

मग आतून आवाज आला. "ओरडताय कशाला? मी बहिरा नाही. खांदा अडकलाय."

पठाण आणि कललेल्या फळ्या यांच्यामध्ये एक चिंचोळा कोपरा उरला होता, माणूस आडवा मावेल एवढाच. जॅक लावून त्यांना ओढून काढलं. खांदा सोलवटला होता, बाकी धड होते.

"शर्ट कुठे लावला होतात?" वन्संनी विचारलं.

"कुठे म्हणजे? सुकाणूवर."

"आणि सुकाणू?"

भाऊजींनी वळून बोटीच्या मागे पाहिलं. मग तिथेच खाली बसले. त्यांना घाबरलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं.

"आज त्या खिडकीपाशी मला झोप लागायची नाही," वन्सं म्हणाल्या, म्हणून दोघांना आमच्या घरी घेऊन आले. भाऊजी हात धुवायला उठले तरी वन्सं मागोमाग जाऊन दाराशी उभ्या राहतात. मघाशी दिवाणखान्यात कपाटाचं दार करकरलं, तेव्हा आम्ही तिघंही एकदम उभे राहिलो. कोणी हसलं नाही.

पाहुण्यांच्या खोलीत दोन अंथरुणं घातली. जादा उशीचा अभ्रा वाळला नव्हता, म्हणून भाऊजींना सोफ्यावरची उशी दिली.