गुडघा जमिनीला टेकेपर्यंत

योगाने माणूस शांत होतो असं जे सांगतात, त्यांनी मला त्या सहा महिन्यांत पाहायला हवं होतं. मी योगाला लागलो तो निव्वळ रागाच्या भरात, आणि तो राग माझ्या सख्ख्या धाकट्या भावावर होता.

झालं असं, की मुलीचं लग्न ठरलं. स्थळ जळगावकडचं, बैठक छान झाली. निघता निघता वराकडचे एक वडीलधारे म्हणाले, "कन्यादानाला दीड-दोन तास पाटावर बसावं लागेल बरं का. आमच्या गुरुजींना घाई चालत नाही." मी तोंडभरून हो म्हटलं. मी शाळेत गणित शिकवतो. आयुष्य अर्धं फळ्यासमोर उभं राहण्यात गेलं, अर्धं खुर्चीवर. मांडी घालून शेवटचा कधी बसलो होतो, ते मलाच आठवत नव्हतं. पाहुणे गेल्यावर करून पाहिलं. डावा पाय कसाबसा मुडपला. उजवा गुडघा मात्र वरच राहिला, उत्तर येत असलेल्या पोराच्या हातासारखा. त्याला हाताने खाली दाबायला गेलो तर मीच मागे कलंडलो.

भाऊ तिथेच होता. त्याची तापीपलीकडे, जैनाबादच्या बाजूला केळीची बाग आहे. दिवसभर बागेत उकिडवा बसून काम करणारा माणूस; आमच्या घरी आला तरी सोफा सोडून तसाच उकिडवा बसतो आणि बशीत ओतून चहा पितो. मला कलंडताना पाहून त्याने बशी खाली ठेवली.

"दादा, तू कायले तरास घेतो? मी आन् माही बायको बसतो ना पाटावर. काका-काकूनं कन्यादान केलं तरी चालते."

चालतं, हे खरंच आहे. बापाला जमत नसेल तर आमच्याकडे काका-काकूच बसतात. बायको लगेच म्हणाली, "भाऊजी बरोबर बोलून राहिले." मुलगी इंदूरला नोकरी करते, ती सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, "पप्पा, मैं कोई गाय हूँ क्या, जो दान करोगे? आणि करायचंच असेल तर चेअरवर बसून करा ना. कोण बघतंय?"

सगळ्यांचंच म्हणणं शहाणपणाचं होतं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. "माझी मुलगी आहे," मी ओरडलो. "मीच देणार, आणि पाटावर बसूनच देणार!" भावाने उरलेला चहा संपवला आणि निघून गेला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका शेठचा पावरलूमचा कारखाना आहे. शेठची कंबर एकदा धरली होती ती आसनांनी सुटली, तेव्हापासून ते आपणहून योगगुरू झाले. रोज सकाळी त्यांचे माग सुरू व्हायच्या आधी, दोन रांगांमधल्या जागेत, आम्ही सात-आठ जण सतरंज्या टाकून बसायचो. म्हणजे बाकीचे बसायचे. मी भिंतीला टेकून पडायचो. अडचण एकच होती. शेजारच्या कारखान्याचे माग पहाटेपासून चालायचे आणि भिंत सामाईक. शेठ काय सांगताहेत ते ओठ पाहून ओळखावं लागे. पण शेठ धंदेवाला माणूस, त्यांनी त्या आवाजालाच कामाला लावलं. भिंतीलगतचा एक माग सगळ्यांत जोरात वाजायचा. त्याच्या दहा खटक्यांत श्वास आत, वीस खटके रोखून धरायचा, वीस खटक्यांत बाहेर.

पद्धत उत्तम चालली. मग एके दिवशी श्वास रोखलेला असतानाच लाइट गेली.

पलीकडचे माग थांबले. शेठनी श्वास रोखलेला, म्हणून आम्ही रोखलेला. गल्लीतले किराणावाले माझ्या शेजारी होते, ते आधी लाल झाले, मग वांग्याच्या रंगाचे. कोणी सोडेना. मी गणिताचा मास्तर, वीसपर्यंतचे आकडे मला पाठ आहेत. पण मीसुद्धा डोळे फाडून पुढच्या खटक्याची वाट पाहत बसलो होतो. शेवटी किराणावाल्यांच्या तोंडून कुकरची शिट्टी व्हावी तसा श्वास सुटला आणि मग सगळेच सुटले. शेठ भयंकर चिडले. "गिनती पुरी कुठं झाली होती?" आम्ही माना खाली घातल्या. लाइट आल्यावर पुन्हा श्वास रोखला आणि चौदापासून पुढे मोजलं.

घरी ही अडचण मोठी झाली, कारण घरात माग नव्हता आणि मागाशिवाय मला श्वासच घेता येईना. मुलगी पुन्हा आली तेव्हा कारखान्यात जाऊन तिने माझ्या मोबाइलमध्ये तो आवाज भरून आणला. तेव्हापासून संध्याकाळी आमच्या मागच्या खोलीत माग चालू लागला. एकदा वराकडची मंडळी साड्यांचं ठरवायला आली होती. आवाज ऐकून व्याही कौतुकाने म्हणाले, "अरे वा, तुमचे माग पण आहेत का?"

"नाई हो," बायको म्हणाली. "हे आत श्वास घेऊन राहिले."

शाळेतही फरक पडला. पूर्वी पोरांनी गोंधळ केला की मी डस्टर आपटायचो. शेठनी सांगितलं होतं, राग आला की मनातल्या मनात वीस खटके मोजा. मी तसं करू लागलो. वर्गाकडे एकटक पाहत, ओठ मिटून, नाकपुड्या फुगवून मोजायचो. पोरं डस्टरला कधी एवढी घाबरली नव्हती. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

या सगळ्यात गुडघा मात्र खाली येत होता. पहिल्या दिवशी तो जमिनीपासून वीतभर आणि वर चार बोटं होता. मी शाळेची लाकडी पट्टी आणून दर रविवारी मोजायचो. ही गोष्ट घरातच राहायला हवी होती, पण किराणावाले दुकानात बसतात आणि दुकानात माणसं येतात. पार शनवाऱ्याच्या चौकापर्यंत बातमी गेली. भाजीवाली मेथी निवडता निवडता विचारायची, "सर, आता कितीवर आहे?" चौकात न ओळखणारा माणूस स्कूटर थांबवून म्हणायचा, "चार बोटं राहिली ना? हो जाएगा, सर." मलाही त्यात मजा वाटायला लागली होती. इतकी माणसं माझ्या दहावीच्या निकालाचीही वाट पाहत नव्हती.

गुडघा दोन बोटांवर आला तेव्हा भाऊ केळीचा घड घेऊन आला. मी शाळेतून आलो तर तो अंगणात उकिडवा बसलेला, आणि बायकोच्या हातात नवंकोरं रेशमी सोवळं. भावाने ते कन्यादानाला स्वतः नेसायला घेतलं होतं. म्हणजे मी सहा महिने पाय मोडून घेतोय आणि हा खरेदी करून बसलाय! वीस खटके कुठले, एकही मोजला नाही.

"माझा पाय मोडायची वाट पाहून राहिला का तू?" मी म्हणालो. "का मी मरायचीच?"

त्याने केळीचा घड उचलून ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "दादा, मले दोन्ही पोरंच हायेत. आपल्या घरात लेक एवढी एकच. वाटलं, एकदा तिच्या हातावर पानी सोडावं. बास." उठला, मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

मी आत जाऊन मोबाइलवर माग लावला. श्वास काही लयीत बसेना. मला लाज वाटली होती, सरळ सांगतो. ती लहान असताना याच माणसाने तिला खांद्यावर बसवून तापीच्या घाटावर नेलं होतं, तिची पहिली सायकल यानेच आणली होती, आणि मी त्याला असं बोललो होतो. फोन हातातच होता, लावायला काही लागत नव्हतं. मी लावला नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

पुढच्याच आठवड्यात गुडघा टेकला. शेठनी स्वतः वाकून, गुडघ्याखालून कागद सरकवून पाहिला, कागद अडकला. त्यांनी सगळ्यांसाठी मावा जिलबी मागवली, आणि किराणावाल्यांनी मला मिठीच मारली. मी जिलबी हातात धरून बसलो होतो आणि ही बातमी मला ज्याला सांगायची होती, तो नदीपलीकडे होता.

लग्न सकाळचं होतं. मी पाटावर बसलो, दोन्ही गुडघे जमिनीला, पाठ ताठ. कार्यालयात कुजबुज झाली; बऱ्याच जणांनी मान उंचावून माझे गुडघे पाहिले आणि मग नवरीकडे पाहिलं. बायको शेजारी बसली. गुरुजींना खरोखरच घाई चालत नव्हती. तास गेला, मला काही झालं नाही. मग पाठीमागे काहीतरी वाजलं म्हणून मान वळवली. भाऊ उभा होता, साध्या पांढऱ्या शर्टात. मला मध्येच जमलं नाही तर, म्हणून घडीची खुर्ची बगलेत धरून तो तासभर माझ्या मागे उभा होता.

"ये," मी म्हणालो. "बस."

"इथं?"

"इथंच. आणि तुझ्या बायकोलाही बोलाव."

गुरुजी पोथीतून वर पाहत म्हणाले, "यजमान एकच असतो." माझ्यातला जुना मास्तर तेव्हा जागा झाला. "गुरुजी, दोघं बसतील!" असा काही आवाज लागला, की सनईवालाही थांबला. गुरुजींनी शास्त्रात मार्ग शोधला, तो त्यांना ताबडतोब सापडला. भाऊ पाटाशिवायच माझ्या बाजूला उकिडवा बसला. खाली जावयाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, वर आम्हा दोघा भावांची. दोघी जावांनी वरून पाण्याची धार धरली. 'मैं कोई गाय हूँ क्या' विचारणारी मुलगी मान खाली घालून रडत होती, आणि माझ्या हाताखाली भावाने तिची ओंजळ घट्ट धरून ठेवली होती.

विधी आटोपले. आमच्याकडे बाप पाटावरून उठत नाही तोवर मुलगी मांडवातून निघत नाही. गुरुजी म्हणाले, "उठा आता, पाठवणी करू." बाहेर वऱ्हाडाची बस चालू झाल्याचा आवाज आला.

"पायाला मुंग्या आल्यात," मी म्हणालो. "उठता येत नाही."

पायांना काही झालं नव्हतं. इतके मोकळे पाय मला कित्येक वर्षांत नव्हते.

गडबड उडाली. शेठ धावत आले, "सर, लंबी साँस लो!" किराणावाल्यांनी एक हात धरून ओढायला सुरुवात केली. व्याही घड्याळ पाहू लागले. मुलगी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहत नव्हतो.

मग भाऊ मागे आला. त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हं, उठ दादा. लाव जोर!" केळीचे घड उचलणारे हात ते, त्याने मनात आणलं असतं तर मला एका झटक्यात उभं केलं असतं. ते हात मला खाली दाबत होते. सगळ्या ताकदीने, पाटावर दाबून धरत होते.

"नाई उठत," तो व्याह्यांना म्हणाला. "येळ लागन आजून."

मुलगी पुन्हा माझ्याजवळ येऊन बसली.