वादळाचा जोर सांगता आला नाही

गिरगावच्या वाचनालयातल्या मंडळींनो, आजचंच सांगतो. सकाळी मी काम करतो त्या वेधशाळेत हवेचा दाब मोजणाऱ्या नळीतला पारा भराभर उतरला. वादळ किनाऱ्याकडे येणार, हे दिसत होतं. मी घोडागाडी करून तडक वरळीच्या कोळीवाड्यात सांगायला गेलो.

"जोर किती असेल रे?" तीन होड्यांची मालकीण हिराबाईने विचारलं.

"ते नाही सांगता येत, मावशी."

तरी तिने होड्या वाळूवर ओढून घेतल्या. दुपारी वादळ आलं, पण नुसता वारा आणि चार सरी. शेजारी हसले. तिची दिवसभराची मासळी गेली. मी माफी मागितली.

ती म्हणाली, "माजा घरवाला बुडाला, त्या दिवशी सांगायला कोन नाय आलं. पारा उतरला की परत ये."

मंडळी, जोर ठाऊक नसताना तुम्ही सांगायला गेला असता का?