अकरा मतांनी

भय्यासाहेबांनी आयुष्यात एकच निवडणूक लढवली आणि जिंकली. कॉलेजच्या छात्रसंघाची, अकरा मतांनी. पुढे बँकेत नोकरी, वासंतीबाईंशी लग्न, फ्रीगंजात तीन खोल्यांचं घर, संपला पराक्रम. पण ज्याला पाडलं तो श्रीनाथ मात्र चढतच गेला. नगरसेवक झाला, आमदार झाला, दोनदा सपशेल आपटला, धूळ झटकून उठला, खासदार झाला, मंत्री झाला आणि एक दिवस थेट राष्ट्रपती! तेव्हापासून टावर चौकातला चहावालासुद्धा भय्यासाहेबांना पाहून उठून उभा राहू लागला. राष्ट्रपतींना हरवणारा माणूस म्हणजे काय चेष्टा आहे?

शपथविधी टीव्हीवर होता. घोडेस्वार, बिगुल, तोफांची सलामी. भय्यासाहेब खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले.

"अहो, बसा की! तो टीव्हीत आहे," वासंतीबाई म्हणाल्या.

"तो काय म्हणतेस? ते म्हण!"

पण खरी गोष्ट बायकोलाही ठाऊक नव्हती. त्या काळी मतपत्रिकांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधून मोजणी व्हायची. श्रीनाथचा एक गठ्ठा आपल्या ढिगात पडलेला भय्यासाहेबांनी निकालाआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? पण ते गप्प बसले, मग मित्रांनी खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला आणि राहून गेलं. कॉलेजातली गोष्ट, कोण लक्षात ठेवतंय, असं वाटलं होतं. पण श्रीनाथ एकेक पायरी चढला की ह्यांची लबाडीही तेवढीच मोठी होई. आता वयाची पंच्याहत्तरी उलटली होती आणि हे ओझं मनावर घेऊन मरायचं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या मराठी समाजाने आता माजी झालेल्या राष्ट्रपतींचा सत्कार ठरवला. इथल्या भेरूगढच्या प्रसिद्ध छपाईचं उपरणं त्यांच्या खांद्यावर घालायचा मान अर्थातच भय्यासाहेबांना. कार्यक्रमाआधी मागच्या खोलीत दोघांची दोन मिनिटं भेट झाली. भय्यासाहेबांनी दार लोटून घेतलं.

"साहेब, आपल्याला एक सांगायचं होतं."

"साहेब कुणाला म्हणतोस रे? मी श्रीनाथ."

"तुझा एक गठ्ठा माझ्या ढिगात गेला होता. मी पाहिला होता."

"मलाही दिसला होता."

भय्यासाहेब मटकन खुर्चीत बसले. "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. राग आला होता रे, सच बोलूं तो फार आला होता. पुढे प्रत्येक मोजणीत शेवटच्या मतापर्यंत टेबल सोडलं नाही, ते तुझ्यामुळे." श्रीनाथ हसले. "जाने दे. लोक तुला मान देतात, राहू दे. माझं काय बिघडलं?"

भय्यासाहेबांना एकेक आठवत गेलं. एका शब्दात ह्या माणसाने आपल्याला मातीत घातलं असतं. मुलाखतींत, सभांत, कितीदा संधी आली असेल! दर वेळी 'माझा पहिला पराभव' म्हणून हसत सांगितलं आणि पुढे एक अक्षर नाही. राष्ट्रपतिभवनापेक्षाही त्यांना ही गोष्ट मोठी वाटली.

सभागृह खचाखच भरलं होतं. "राष्ट्रपतींना सर्वांत आधी हरवणारे आपले भय्यासाहेब!" अशी घोषणा झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी श्रीनाथच्या खांद्यावर उपरणं घातलं. खाली उतरायच्या ऐवजी माईक हातात घेतला. पहिल्या रांगेत वासंतीबाई कौतुकाने बघत होत्या.

"मी जिंकलो नव्हतो," भय्यासाहेब म्हणाले. "ह्यांचा एक गठ्ठा माझ्यात मोजला गेला. मला दिसत होतं, मी गप्प बसलो. पंचवीस माझी वजा, पंचवीस ह्यांची जमा, म्हणजे एकोणचाळीस मतांनी हे जिंकले होते."

माजी राष्ट्रपती खुर्चीतून उठले, भय्यासाहेबांसमोर आले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी हात जोडले. भय्यासाहेबांना उलटून नमस्कार करायचंही सुचलं नाही.