टुकीची गंगा

डमडम विमानतळावर उतरले तेव्हा वाटलं होतं, पाठ बघायचे, गुण द्यायचे, बंगाली मिठाई म्हणून संदेश खायचे आणि घरी यायचं. कोल्हापुरात बी.एड.च्या मुलींचे सराव पाठ बघण्यात माझा निम्मा जन्म गेलाय. कोलकात्यात असं काय वेगळं असणार? दोन कॉलेजांच्या देवाणघेवाणीत मला एकच काम दिलं होतं. अपंग मुलं जिथे इतरांबरोबर बसतात, अशा वर्गात तिकडच्या भावी शिक्षिका कशा शिकवतात ते बघून गुण द्यायचे.

मुक्काम डमडमलाच, मावसबहीण वंदनाताईकडे. भावजी बँकेत, बदलीवर आलेले. त्यांची ईशा इथेच वाढलेली. दार उघडून ती म्हणाली, "मावशी, तुझा बॅग खूप जड आहे गं!" वंदनाताईने कपाळावर हात मारला. मला मात्र ते मराठी फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रेनने बराकपूर. शाळेत पोचताच खायचा आग्रह सुरू झाला. माझी चतुर्थी होती. "शिंगाडा तो खाइए," असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. उपासाला चालेल म्हणून मी आनंदाने मान डोलावली, तर बशीत गरमगरम समोसे आले! इकडे समोशाला शिंगाडा म्हणतात. आता खावं की न खावं? शेवटी अर्धा खाल्ला. म्हणजे उपास मोडलाच आणि पोटही भरलं नाही.

पाठ तिकडच्या कॉलेजातल्या मौशुमीचा होता. हा शेवटचा पाठ. पास झाली तर याच गावातल्या एका शाळेत नोकरी तयार होती. वर्गात शिरताना तिने हळूच विचारलं, "मॅडम, हो जाएगा न?" मी परीक्षकाचा चेहरा करून वही उघडली.

वर्गात टुकी नावाची मुलगी होती, जन्मापासून न दिसणारी. मौशुमीने तिच्यासाठी स्पर्शाने कळेल असा नकाशा केला होता. लाकडाच्या भुशाचा हिमालय, मऊ कापडाचा समुद्र, आणि मधून सुतळीची गंगा. टुकीचं मनगट धरून तिने बोट सुतळीवरून फिरवलं. "ओ मा! एइटा गंगा?" (अगंबाई, ही गंगा?) टुकीचा चेहरा असा फुलला की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. "बुझेछि!" (समजलं!) ती म्हणाली. घंटा झाली. उत्तम पाठ, मी मनात म्हटलं.

मधल्या सुट्टीत टुकी व्हरांड्यात बसली होती. मी शेजारी टेकले आणि सहज विचारलं, "मज़ा आया?"

"आया. इस बार का रस्सी अच्छा था."

"इस बार का?"

तेव्हा कळलं. दरवर्षी नव्या दीदी येतात, दरवर्षी टुकीला गंगा शिकवतात. कधी लोकरीची, कधी चिकणमातीची. आज सुतळी मध्येच सुटली होती. टुकीने अंगठ्याने ती दाबून धरली. "दीदी का हाथ काँपता था. फेल हो जाती न?"

म्हणजे तो फुललेला चेहराही दीदी पास व्हावी म्हणून? मी विचारलं, "तो तुम सब समझती हो?"

"एक बात नहीं." शाळेच्या मागेच गंगेचा घाट आहे; हुगळीला इकडे गंगाच म्हणतात. टुकी आजीबरोबर तिथे पाण्यात उभी राहते. सगळ्या दीदी म्हणतात, गंगा समुद्राकडे जाते. मग रोज काही वेळ पायांना पाणी उलटं, समुद्राकडून आल्यासारखं का लागतं? हे तिने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. दीदीला आलं नाही तर?

मी मौशुमीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिचे डोळे भरले. "मतलब मैं फेल?" मेहनत तिची खरी होती, नकाशा खरा होता. समजलेलं तेवढं खोटं होतं. मग कोण नापास? पोर, की ती, की टाळी वाजवायला निघालेली मी? आम्ही तिघी घाटावर गेलो. टुकी पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "देखो, अभी उल्टा." मौशुमीने साडी वर खोचली आणि तीही उतरली. गुण मी पास होण्यापुरते दिले. बरोबर केलं की चूक, ते अजून ठरत नाही.

कोल्हापूरला परतल्यावर काही महिन्यांनी माझ्या नव्या मुली पाठांची तयारी करत बसल्या होत्या. टेबलावर पुठ्ठे, सुतळ्या, डिंक. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात फोनवर मौशुमीचा आवाज आला, रडवेला. नोकरी लागली होती, ती टुकीला रोज संध्याकाळी घाटावर भेटत होती. भरतीला समुद्राचं पाणी नदीत उलटं कसं शिरतं ते वाचून, चंद्रासाठी चेंडू घेऊन तिने समजावलं.

"और मॅडम, वो बोली, बुझिनि." (नाही समजलं.) "फिर से बोली, बुझिनि! अब मैं क्या करूँ?"

इतका आनंद मला कुठल्याच पाठाने दिला नव्हता. काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "कल फिर घाट पर जाओ."