शिंपीणबाईंची टाचणी

समोरच्या शिंपीणबाई कादंबरी वाचताना जिथे किळस येईल त्या पानाला टाचणी टोचतात आणि पुस्तक मिटतात. टाचणी चाळिसाव्या पानापुढे कधी गेली नव्हती.

“तरुणांच्या कादंबरीत मुलगी खिडकीत बसून रडते. मोठ्यांच्या कादंबरीत तीच रडते, फक्त खिडकीला पडदे असतात,” त्या नाक मुरडतात.

भाचीने स्वतः लिहिलेली कादंबरी भीतभीत त्यांना दिली. परत मिळाली तेव्हा टाचणी शेवटच्या पानावर होती.

“इथे तुझी नायिका शहाणी होऊन उपदेश करायला लागली. शी. दोनशे पानं कशी छान बिनडोक होती.”

“मावशी, दोनशे पानं वाचलीस?”

“तुझ्यापायी माझी काजं-बटणं राहिली.”

भाचीने हसत ते पान कापून टाकलं. कापडाच्या कात्रीने कागद कापला म्हणून वर बोलणी खाल्ली.